पडाल तर दोघंही

राजूरहून जालन्याकडे निघालं की सडकेच्या डाव्या अंगाला तुळजाबाईचं रान होतं. काळ्या मातीचं, नाल्यापर्यंत उतरत गेलेलं. बांधाला बाभळी आणि मधोमध एक लिंब. ती आणि तिचा नवरा कडूबा, दोघं मिळून ते रान कसायची. तुळजाबाई अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. लहानपणी मार बसला तर ती रडायची नाही, मारणाऱ्याकडं नुसती बघत राहायची. तिची आई शेजारणींना सांगायची, "ही पोरगी इसरत न्हाई गं बाई, ठिवून देती."

कडूबा मात्र अगदी वेगळा. शांत, हसरा, नवी वस्तू दिसली की काम टाकून बघत उभा राहणारा. जालन्याला बाजाराला गेला तर स्टेशनावर जाऊन आगगाडी बघितल्याशिवाय परत यायचा नाही. तुळजाबाई त्याच्यावर ओरडायची. पण दुसऱ्या कुणी त्याला हसलं तर त्या माणसाची खैर नसायची.

गावचे भुजंगराव पाटील जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या खरेदीचा कारभार बघायचे. हंगामात रोज सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. आधी घोड्यावर जात. मग औरंगाबादच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाची जुनी फटफटी त्यांनी घेतली आणि घोडं विकून टाकलं. त्या दिवसापासून सगळ्या सडकेला त्यांचं जाणं-येणं कळायला लागलं. बरडाच्या मुरमाड टेकाडापलीकडून फट् फट् ऐकू आली की बाया घागरी सावरून कडेला व्हायच्या, बैल कान टवकारायचे. भुजंगरावांना त्याचीच मजा वाटायची. माणसं दिसली की ते गाडी आणखी जोरात सोडायचे.

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, कडूबा वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, आणायला जालन्याला निघाला होता. भुजंगरावांनी त्याला सडकेवर गाठलं.

"पायी कामून चालला? बस मागं."

कडूबाचा विश्वासच बसेना. मागच्या लोखंडी कॅरिअरवर त्यानं घोंगडीची घडी टाकली, बसला आणि पाटलांची कंबर धरली.

"कंबर सोड बाबा, गुदगुल्या व्हतात. खालच्या लोखंडाला धर."

बरडाचा उतार लागला तसं भुजंगरावांनी गाडी सोडली. अर्ध्या उतारावर त्यांनी दोन्ही हात सोडले आणि मागं वळून हसत म्हणाले, "बघ, हिला हातबी लागत न्हाईत!" खालच्या मोरीवरून गावातल्या रखमाजीची बैलगाडी वर येत होती. भुजंगरावांनी घाईनं हँडल धरलं, चाक मुरमावरून सरकलं, आणि कडूबा उडून मोरीच्या दगडावर आपटला. गुडघ्याखाली पाय मोडला. भुजंगराव पडता पडता सावरले. त्यांनी थांबून मागं बघितलं. कडूबा हाका मारत होता. पण त्यांनी गाडी वळवली नाही, निघून गेले. जालन्याला दवाखाना होता, डॉक्टर होता, मोटर होती. पाटील त्या दवाखान्यावरूनच पुढं गेले आणि तिथं कुणाला काही बोलले नाहीत. रखमाजीनं कडूबाला गाडीत घालून घरी आणलं.

संध्याकाळी परत येताना भुजंगराव चावडीवर थांबले. "कडूबा पिऊन व्हता," त्यांनी सांगितलं. "मी न्हाई न्हाई म्हणलं तर बळंच बसला, अन् मधीच उडी मारली."

कडूबानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. हे गावाला ठाऊक होतं. रखमाजीनं तर सगळं डोळ्यानं बघितलं होतं. पण रखमाजी पाटलांचं रान बटईनं करायचा. तो गप्प राहिला, आणि तो गप्प आहे म्हटल्यावर बाकीचेही गप्प राहिले. महिन्याभरात "पिऊन व्हता" हेच खरं होऊन बसलं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. पाय जुळला, पण वाकडा जुळला. पाटलांच्या घरून ज्वारीचं पोतं आलं. तुळजाबाईनं ते फरफटत सडकेच्या कडेला नेलं, तोंड उघडलं आणि तसंच उभं करून ठेवलं. दोन दिवस पाखरं जेवली. भुजंगराव दोन्ही दिवस तिथून गेले आणि आले. ते पोतं त्यांना दिसलं असणारच.

तरीही ती कदाचित तिथंच थांबली असती. पण थोरल्या लेकीचं भोकरदनकडच्या एका घरी ठरत आलं होतं, ते मोडलं. निरोप आला तो असा: दारुड्याच्या घरची पोरगी आम्हाला नको. लेक दोन दिवस चुलीपुढून उठली नाही. तुळजाबाई रडली नाही. ती बांधावर गेली आणि बाभळीकडं बघत उभी राहिली.

बाभळीचा वाळलेला काटा बोटाएवढा लांब आणि सुईसारखा कडक असतो. नुसता टाकला तर आडवा पडतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. मग तिनं नाल्याची चिकणमाती आणली, बोराएवढ्या गोळ्या वळल्या, प्रत्येकीत एक काटा टोक वर करून रोवला आणि गोळ्या उन्हात वाळवल्या. तिच्या रानापाशी सडक दोन्ही बाजूंनी दबलेली होती. गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीतूनच फटफटीला जावं लागे, कारण मधे धोंडे होते. बरडापलीकडून आवाज आला की ती तुरीतून पळत यायची, गोळ्या चाकोरीतल्या फुफाट्यात बसवायची आणि परत तुरीत जाऊन बसायची.

पहिल्या वेळी भुजंगराव पडले नाहीत. हवा गेली, गाडी डगमगली, त्यांनी पाय टेकले. उतरून चाकाकडं बघितलं, शिवी दिली, आणि अवजड गाडी ढकलत गावाकडं निघाले. नवा कोट, डोक्याला फेटा, आणि पाठीवर घामाचा काळा डाग पसरत चाललेला. तुळजाबाईनं तुरीतून ते सगळं बघितलं. तिला एवढं गोड कधी काही लागलं नव्हतं. पाटील दिसेनासे झाल्यावर ती बाहेर आली आणि उरलेल्या गोळ्या एक एक करून वेचून घेतल्या. सडकेनं अनवाणी माणसं जात होती, गुरं जात होती.

रोज ती असं करायची नाही. रोज केलं तर कळलं असतं. कधी आठवड्यानं, कधी लागोपाठ, कधी जाताना, कधी येताना.

एकदा मात्र चुकलं. आवाज आला म्हणून तिनं गोळ्या मांडल्या, पण फटफटी बरडावरच बंद पडली आणि मागून रखमाजीची गाडी पुढं आली. तिला वेचायला वेळ मिळाला नाही. रखमाजीचा खिल्लारी बैल तीन पायांवर उभा राहिला. तुळजाबाई धावत गेली, खुरातला काटा ओढून काढला, हळद-तेल लावलं. रखमाजीनं तिच्या हातातली मातीची गोळी बघितली आणि सगळं ओळखलं.

"तुळजाबाई, मपल्या बैलानं तुमचं काय केलं व्हतं?"

"बैलानं काईच न्हाई केलं," ती म्हणाली. "तुम्ही केलं. तुम्ही बघितलं अन् गप बसले."

रखमाजीनं मान खाली घातली आणि गाडी हाकली. त्यानं कुठं काही सांगितलं नाही. गप्प बसायची सवय त्याला होतीच. तिला त्या बैलाबद्दल रात्रंदिवस वाईट वाटलं, रखमाजीबद्दल नाही. त्यानंतर डोळ्यानं धुरळा दिसल्याशिवाय तिनं एक गोळी सडकेवर ठेवली नाही.

कडूबाला हे माहीत होतं की नव्हतं, ते तिनं कधी विचारलं नाही. तो लिंबाखाली बाजेवर बसून दोऱ्या वळायचा. त्याच्या एका गोष्टीचा तिला फार राग यायचा. कुणी बसायला आलं की तो त्या दिवसाबद्दल सांगायचा, पण मोडलेल्या पायाबद्दल नाही.

"उतार लागला ना, मंग वारा कसा त्वांडात शिरतो! डोळ्यातून पाणी, अन् झाडं अशी मागं पळून राह्यली व्हती जशी भ्यालीत. पोटात खड्डा पडतो, पण ग्वाड लागतो."

"पाय गेला तुमचा," ती आतून ओरडायची.

"तो खाली गेला. वर तर मजाच व्हती."

पुढं लढाई वाढली. जपान्यांनी रबराचा मुलूख घेतला म्हणे, आणि बाजारातून टायर-ट्यूब गायब झाले. जालन्याच्या दुकानदारांनी हात वर केले. पेट्रोल जिनिंगच्या वाट्यातून थोडंफार मिळायचं, पण ट्यूब कुठून आणणार? भुजंगरावांच्या ट्यूबवर ठिगळावर ठिगळ चढत गेलं. आता तुळजाबाईचा एक एक काटा भारी पडायला लागला. हात सोडून गाडी पळवणारे पाटील तिच्या रानापाशी आले की पाय टेकत टेकत, फुफाट्यात डोळे घालून, म्हाताऱ्या माणसासारखे जायचे. तुरीत बसून ती तोंडाला पदर लावून हसायची.

वेचणी सरत आली होती. उन्हं तापली होती. लागोपाठ दुसऱ्या दिवशी हवा गेली तेव्हा भुजंगरावांनी गाडी लिंबाच्या सावलीला आणली आणि मटकन खाली बसले. कडूबानं बाजेवरूनच हाक दिली, "पाणी दे गं पाटलांला."

तुळजाबाई तांब्या घेऊन आली. भुजंगरावांनी तोवर टायर चाचपून काटा ओढून काढला होता. त्याच्या बुडाला मातीचा कपटा चिकटलेला होता, बोटानं दाबून गोल केलेला. त्यांनी तो उन्हात धरून बघितला. मग मान वर केली.

"मीच," तुळजाबाई म्हणाली. तांब्या तिनं खाली ठेवला नाही.

भुजंगराव ताडकन उठले. "आजवर समदे तूच टाकले?"

"समदे."

"चावडीवर नेतो तुला. पोलिसात देतो! जीव गेला असता मपला!"

"चला. आत्ता चला. चावडीवर इचारतील, बाईनं काटे कामून टाकले. मंग तुम्ही सांगा कामून ते. मी बिलकुल त्वांड उघडत न्हाई, तुम्हीच सांगा."

भुजंगरावांनी उगारलेला हात खाली घेतला. कडूबा दोरी वळायची थांबला होता.

"ज्वारी धाडली व्हती मी," पाटील म्हणाले.

"पाखरांला आवडली."

"मंग काय पाहिजे तुला?"

ही गोष्ट तुळजाबाईनं दोन वर्षं मनात घोळवली होती. ती एका दमात बोलली. "जिनिंगच्या फाटकावर बसून करायचं काम मपल्या माणसाला द्यायचं. अन् रोज त्यांला याच गाडीवर, याच कॅरिअरवर बसवून न्यायचं अन् आणायचं. जंवर तुमची फटफटी या सडकेनं जाईल, तंवर मागं हे बसतील. हे मागं असले तर काटा पडणार न्हाई. एकले आले तर पडंल."

"लोक काय म्हणतील?"

"तेच तर पाहिजे."

भुजंगराव गाडी ढकलत गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नाल्याकाठच्या गाडीवाटेनं जाऊन बघितलं. काळ्या मातीच्या भेगांत चाक अडकून दोनदा आपटले. घोडं विकलेलं. बैलगाडीनं निघालं तर फाटक उघडायच्या वेळेला पोचणं शक्य नव्हतं, आणि जिनिंगच्या मालकानं उशिराबद्दल तंबी दिलेली. नव्या हंगामाच्या सुरुवातीला एका सकाळी फटफटी लिंबाखाली येऊन उभी राहिली. इंजिन चालूच होतं.

"बसव," भुजंगराव दुसरीकडं बघत म्हणाले.

कडूबानं नवं धोतर नेसलं होतं. पोरासारखा चेहरा झालेला. वाकडा पाय हातानं उचलून त्यानं पलीकडं टाकला. तुळजाबाई घरातून जुन्या लुगड्याची लांब पट्टी घेऊन आली. ती पट्टी तिनं कडूबाच्या कमरेभोवती घेतली, तशीच पुढं नेऊन भुजंगरावांच्या कोटावरून फिरवली, आणि पाटलांच्या पोटावर गच्च निरगाठ मारली.

"हे काय?"

"आता गुदगुल्या व्हऊ द्या," ती म्हणाली. "पडाल तर दोघंही पडाल. अन् ह्यांला टाकून कुठं जाता येणार न्हाई."

पाटलांनी दात खाऊन गाडी हाकली. पण कमरेला दुसऱ्याचा जीव बांधलेला असला की माणूस आपोआप नीट चालवतो. बरडाच्या उतारावर ते आता ब्रेक दाबून उतरायचे, मोरीच्या अलीकडं भोंगा वाजवायचे, गाडी समोर दिसली की कडेला थांबायचे. मागून कडूबा ओरडायचा, "पाटील, जरा जल्दी घ्या की! वाराच लागंना!" भुजंगराव जल्दी घ्यायचे नाहीत.

वाटेवरच्या प्रत्येक गावाला तमाशा दिसायचा. फेटेवाले पाटील पुढं, मागं लंगडा कुणबी, आणि दोघांना एकच फडकं बांधलेलं. लोक विचारायचे, "हे कोण म्हणायचे?" भुजंगराव सांगायचे, "गावचाच माणूस. पायानं अधू हाय, दया येती." संध्याकाळी तुळजाबाई गाठ सोडायची आणि कडूबाला घरात नेऊन विचारायची, "आज कुणी इचारलं? काय म्हणले ते?"

"दया येती म्हणले."

"बरं. बसा मंग उद्याबी."

"सोड की आता," कडूबा एकदा म्हणाला. "काम मिळालं, गाडी मिळाली. पाय मपला मोडला, मी बोलून राह्यलो का काही?"

"पाय तुमचा मोडला. दारुड्याची बायको मला म्हणले, दारुड्याची लेक मपल्या पोरीला. ते तुम्ही कसं सोडता?"

कडूबानं दोरी पुढं ओढली आणि वळत बसला.

दुसऱ्या हंगामात, कापसाची गर्दी ऐन जोरात असताना, भोकरदनकडच्या गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकावर लागली. त्यात ज्यांनी सोयरीक मोडली त्या घरचा कर्ता माणूसही होता. फाटकावर पाळी लावायला कडूबाला बसलेला बघून तो मोठ्यानं हसला. "ह्या दारुड्याच्या हातात फाटक दिलं का? मंग मपला कापूस गेलाच म्हणायचा." हमाल हसले, गाडीवाले हसले. भुजंगराव वजनकाट्यापाशी उभे होते. ऐकलं न ऐकलं करून आत जाता आलं असतं. ते दोन पावलं गेलेही. मग उलटे फिरले.

"त्यो पीत न्हाई," ते म्हणाले. "कधीच पीत न्हवता. मी गाडीचे हात सोडले, मी पाडलं त्याला. पाडून पळून आल्तो. पिऊन व्हता हे मीच सांगितलं. खोटं सांगितलं."

संध्याकाळी कडूबानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुळजाबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. "कितीक माणसं व्हती?"

"सगळं फाटक भरलेलं व्हतं."

"बोलताना रडले का ते?"

"न्हाई. घाम मातर सुटला व्हता."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजली. मग म्हणाली, "बसा उद्याबी."

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. रखमाजी स्वतः चावडीवर जाऊन आपण काय बघितलं ते सांगून आला, एवढ्या वर्षांनी. मग भोकरदनकडून माणूस आला. आमचं चुकलं, पोरीचं पुन्हा बघू, म्हणाला. तुळजाबाईनं त्याला गूळ-पाणी दिलं, नीट बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तवा तुम्हाला दारुड्याचं घर नको व्हतं. आता आम्हाला हलक्या कानाचं घर नको." लेकीला तिनं पुढच्या उन्हाळ्यात जांबकडच्या एका चांगल्या घरी दिली. त्या लग्नात भुजंगराव आले, मांडवाच्या कडेला उभे राहिले. तुळजाबाईनं त्यांना जेवायला वाढलं. पण बोलली नाही.

असे हंगामामागून हंगाम गेले. कडूबाला आता सगळी सडक पाठ झाली होती. कुठं खड्डा आहे, कुठं मुरूम सुटलाय, हे तो मागून सांगायचा आणि पाटील ऐकायचे. कधी कधी दोघं हसत हसत यायचे. तुळजाबाईला ते लांबूनच ऐकू यायचं. ती लिंबाखाली येऊन उभी राहिली की भुजंगरावांचं हसू थांबायचं. तेवढं तिला पुरे होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी, गाठ सोडवत असताना भुजंगरावांनी तिला विचारलं. त्यांचे कल्ले पांढरे झाले होते. "वहिनी, समद्या लोकांपुढं बोललो मी. कडूबाच्या अन् मपल्या मनात आता कायबी अढी न्हाई. अजून तुमचं मन भरलं न्हाई का?"

तुळजाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. तिला त्यांचा राग पहिल्यासारखा येत नव्हता, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. पण मोरीच्या दगडावर पडून हाका मारणारा माणूस तिला अजून दिसत होता, आणि पाटलांची पाठमोरी गाडीही.

"न्हाई," ती म्हणाली आणि धार काढायला गोठ्याकडं गेली.

त्या पावसाळ्याअखेर हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. काही दिवस सडका बंद राहिल्या, जिनिंग बंद राहिली. पेट्रोल मिळेना म्हणून फटफटी पाटलांच्या गोठ्यात उभी राहिली आणि मग गंजून गेली. कडूबा पुष्कळ दिवस सकाळी उठून धोतर नेसून बाजेवर बसायचा. तुळजाबाई त्याला काही म्हणायची नाही. कुणी आलं की तो वाऱ्याबद्दल सांगायचा, आणि आता ती आतून ओरडायची नाही. हातातलं काम ठेवून दाराशी येऊन ऐकायची.